पत्रा क्रमांक चौदा

हिद्दच्या सुक्या गोदीत, जहाजाच्या पोटाखाली
एवढीच काय ती सावली.
जुलै. बारा ते चार काम बंद, सरकारी हुकूम.
आंबलवाणन खिशातून खडू काढतो
आणि पोलादावर एक वाकडी रेघ ओढतो : कावेरी.
वर एक गोल, पल्लव. खाली एक गोल, पांड्य.
"आणि तुम्ही?"
तो खडू वापरत नाही.
नदीकाठी आधीच असलेल्या गंजाच्या ठिपक्यावर
बोट ठेवतो. "उरैयूर."

मोडक्या हिंदीत सांगत राहतो :
किती पिढ्या आम्ही दुसऱ्यांच्या लढाईत
दुसऱ्यांच्या बाजूने मेलो.
मोठे दोघे झुंजून दमले, तेव्हा मधलं गाव उचललं, तंजावूर,
बाकावर कुणी विसरलेला डबा उचलावा तसं.
आमच्या म्हाताऱ्या सरदाराच्या अंगावर शहाण्णव वार.
पाय गेलेले. तरी माणसांच्या खांद्यावर बसून
रणात गेला म्हणतात.
म्हणतात, हा शब्द तो जरा हळू उच्चारतो.

मी लातूरचा. आमच्या घुगे गुरुजींनी
एकदाच, तास संपता संपता सांगितलं होतं,
राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे म्हणवायचे.
तेवढ्या भांडवलावर मी खडू हिसकावतो,
उत्तरेकडून बाण काढतो :
"तक्कोलम! तुमचा युवराज हत्तीवरच पडला."
आंबलवाणन ताकाची बाटली खाली ठेवतो.
"पडला," म्हणतो,
जसं काही परवा फोन आला होता गावाकडून.
"पस्तीस वर्षं आम्ही परत एवढेच," बोट ठिपक्यावर.
"आणि तुमचं काय झालं पुढे?"
पंचवीस वर्षांत बुडालं आमचं.
खरं तर तास तिथेच संपला होता.

तो हसत नाही. पश्चिमेकडे मान करतो,
इथूनच घोडे न्यायचे, या आखातातून, रोख मोजून.
मग पांड्यांचे मोती, सिंहळ,
मग जहाजंच जहाजं, पार कडारमपर्यंत.
वर, सुकाणूमागे, पांढऱ्या अक्षरांत
या जहाजाचं गाव लिहिलंय : पेनांग.
"त्याच्या समोरचाच किनारा," म्हणतो,
आणि तळव्याने पत्रा थोपटतो, बैलाला थोपटावं तसा.

आमचे दोघांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
किल्ली कुणाकडे, विचारलं नाही कधी.
मांडलिकाचं पहिलं काम काय रे?
"थांबणं," तो म्हणतो. "पण जागं राहून."

चारचा भोंगा. नळीतून वाळू सुटते.
आधी पांड्य गेले, मग पल्लव,
माझा बाण गेला, कावेरी शेपटाकडून पुसत गेली.
ठिपका राहिला.
आंबलवाणन मुखवट्याआडून काही ओरडला,
त्या आवाजात कळलं नाही काय.
मी वहीत लिहिलं :
पत्रा क्रमांक चौदा. गंज आतपर्यंत.
काम बाकी.