सोळा एप्रिल, साडेदहा

तिथली पंधरा तारखेची मध्यरात्र
काळाचौकीत सोळाच्या सकाळी साडेदहाला पडते.
तोवर सांगायचंय
कुठल्या शहरात मी पुढची पाच वर्षं
(ईप्सिता म्हणते, सात धर)
अर्थशास्त्रात पीएचडी करणार.

एक्सेलचा तक्ता केलाय.
स्टायपेंड, खोलीचं भाडं, मार्गदर्शकाचं वय,
पहिल्या वर्षात किती जण गळतात,
किराणा पायी जाऊन आणता येतो का.
प्रत्येक रकान्याला वजन, वजनांची बेरीज शंभर.
तीनदा वजनं बदलली, तीनदा
ते तळं गोठणारं गावच वर आलं.
चौथ्यांदा भाड्याचं वजन वाढवलं
आणि गोरेगाव जिंकलं,
टेकडीवरची संस्था, कँटीनमागे हरणं.
तेव्हा पोटात जे झालं
त्याला रकाना नव्हता.

बाबांनी तापमान तेवढं वाचलं.
"उणे एकोणीस? आमचं गोदाम उणे अठरा होतं."
बावीस वर्षं ससून डॉकच्या शीतगृहात
ते कोळंबीची खोकी मोजत होते.
"आधी नाकातले केस गोठतात.
घाबरायचं नाही. बोटं काखेत धरायची.
आणि आत आल्या आल्या
हात कढत पाण्यात घालायचे नाहीत."
मग पेपरची घडी उलटी करून
शब्दकोड्याकडे वळले.
त्यांनी कुठल्या बाजूने मत दिलं
ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

संध्याकाळी भिशी होती.
पंधरा बायका, दोन हजारांचा हप्ता, स्टीलचा डबा.
माझा सगळा प्रस्ताव ह्या डब्यावर उभा आहे:
कागद नाही, तारण नाही,
तरी कुणी बुडवत कसं नाही?
तिकडच्या प्राध्यापिकेने कळवलं होतं, विलक्षण विषय.
मेरी डिमेलो म्हणाली, "विलक्षण काय त्यात?
बुडवून जाणार कुठे? नळ तर एकच आहे."
सव्वीस पानं लागली होती मला,
तिने पोहे खाता खाता उरकलं.

मी हसत म्हटलं, आई, दोन चिठ्ठ्या टाक ना डब्यात,
एकीवर गोरेगाव, एकीवर ते.
आईने झाकण लावलं.
"भिशीत चिठ्ठी चालते, कारण
आज नाही तर फाल्गुनात, प्रत्येकीचा नंबर लागतोच.
तुझी उरलेली चिठ्ठी
पुन्हा कोण काढणार गं?"

अकरावीच्या पुस्तकात ह्याला
संधी खर्च म्हणायचे.
व्याख्या, दोन गुण.
मला दोन्ही मिळाले होते.

होकार एका ओळीत गेला, पहाटे चारला.
नकाराला सव्वा तास.
"आदरणीय सर" लिहिलं आणि पुढे
कर्सर लुकलुकत राहिला.
सरांनी खोलीसुद्धा दाखवली होती,
टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली
जुन्या जनगणनेचा खंड.
पिनकोडचे पहिले चार आकडे इथलेच.
रविवारी भिशीला वेळेत पोचली असती
ती मुलगी, तिथे राहणारी.
"आपल्या विश्वासाबद्दल" खोडलं.
"भविष्यात संधी मिळाल्यास" खोडलं.
शेवटी लिहिलं, सर, मला जावंसं वाटतं.
व्याकरण तपासलं. पाठवलं.

साडेदहाला काही झालं नाही.
खालून भंगारवाला ओरडत गेला.
बाबांनी विचारलं, तीन अक्षरी, शेवटी 'र', वेळ.
"उशीर," आत भांडी लावता लावता आई म्हणाली.
हात पुसून तिने भिशीची वही घेतली,
पुढच्या फेरीच्या पानावर
सोळावी ओळ आखली,
माझं नाव, दोन हजार.
"हप्ता मी भरेन," म्हणाली,
"नंबर तुझा शेवटचा ठेवते."