सतरा नंबरचा हुलगा

सांगलीत, विश्रामबागेच्या पुढे, दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब.
पाटी होती: वनस्पती प्रथिने संशोधन.
त्यातलं 'प्र' कधीचंच गळून पडलंय,
त्यामुळे कुरिअरवाला जिन्यातूनच हाक मारतो,
"थिनेवाले मॅडम, सही!"

सकाळी नऊला मुमताज शिकलगार
पांढरा कोट चढवते, बाह्या दोनदा दुमडते.
कोट एका उंच मुलाचा, तो डॉक्टरेट संपवून बंगळुरूला गेला,
खिशावर अजून त्याचंच नाव.
मग जतहून आलेला हुलगा मोजायला बसते.
पाच ग्रॅम.
एक दाणा जास्त.
चिमट्यात तो उचलताना श्वास धरते,
सोनाराच्या पेढीवर धरतात तसा.

दळायचा, चाळायचा, असेल तेवढं तेल काढायचं,
अल्कलीच्या पाण्यात तासभर ढवळायचा.
मग आम्लाचा एकेक थेंब,
आणि पीएचच्या साडेचारला
पाणी एकदम फाटतं, नासक्या दुधासारखं.
घरी असं झालं तर चहाची बोंब.
इथं आम्ही एकमेकांना बोलावून दाखवतो.

रेवण कनवाडे जेल चालवतो.
दोन काचांमधल्या फटीत नमुने भरताना
तो कुणाशी बोलत नाही.
दहा इवल्या विहिरी, प्रत्येकीत निळा थेंब.
"आमच्या शेतात सहाशे फुटांवर धूळ लागली," तो एकदा म्हणाला,
"इथं दहा मायक्रोलिटरला काठोकाठ."
हसायचं की नाही ते कळलं नाही.
उगारे मॅडम हसल्या नाहीत.
त्या दारातूनच विचारतात, "पट्टे आले?"
आणि उत्तराआधी पुढच्या मीटिंगला जातात.

मार्चमधल्या एका शनिवारी ट्रान्सफॉर्मर उडाला.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.
फ्रीजरचा काटा उणे वीस, उणे अकरा, उणे सहा.
आत चार वर्षं, झाकणांवर मार्करची अक्षरं.
कुणी कुणाकडे बघेना.
तेव्हा आमचे परिचर नेमगोंडा अण्णा,
ज्यांच्या डब्यात बटाटासुद्धा नसतो,
लुना काढून गेले
आणि मिरजेच्या मासळी बाजारातून
पोत्यात बांधून बर्फाच्या दोन लाद्या घेऊन आले.
"वास घेत बसू नका," म्हणाले, "खोकं कुठंय?"
नंतर नळाखाली कितीतरी वेळ हात धुतले,
आमच्याकडे पाठ करून.

थर्माकोलच्या खोक्याशी चौघं रात्रभर बसलो.
मॅडमनी चपला काढून पाय वर घेतले होते.
पहिल्यांदाच दिसलं, त्यांच्या मोज्याला भोक आहे.

सोमवारी जेल धुतली. सहावी लेन, नमुना सतरा.
पचनात खोडा घालणारा तो खालचा पट्टा
सगळ्यांच्यात आहे, सतरात नाही.
मुमताजनं काच खिडकीशी धरली.
खरंच नाही? की शनिवारी विरघळला?
रेवण म्हणाला, नाहीच.
मॅडम म्हणाल्या, पुन्हा करा.
दोघांच्या आवाजात एकच भीती होती.

सतरा नंबर रेवणच्या आत्तीच्या कणगीतला.
रजिस्टरच्या रकान्यात: स्थानिक वाण.
ती त्याला 'हट्टी' म्हणते.
फोन लावला. "आत्ती, थोडं बी पाठीव."
"किती?"
"पाच ग्रॅम. तीनदा करायचं, म्हणजे पंधरा."
"म्हणजे किती रं?"
रेवणनं स्वतःच्या तळहाताकडे बघितलं.
"चिमूटभरापेक्षा जरा जास्त."
पलीकडे बराच वेळ हसण्याचा आवाज.

गुरुवारी जतच्या एस.टी.नं पायलीभर हुलगा आला.
जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेला,
वर वहीच्या पानाची चिठ्ठी, कुणा पोराकडून लिहून घेतलेली:
रात्री भिजत घाला.
घाई केली तर शिजत न्हाई.