टिंब

हिउमाच्या उत्तर टोकाचं आमचं पोस्ट बंद झालं
तेव्हा काउंटरची काच नेली, तराजू नेला,
तारखेचा शिक्का मात्र माझ्या कोटाच्या खिशात राहिला.
चोरी म्हणा हवं तर.
तेहतीस वर्षं मी या बेटाचे पत्ते वाचले,
ओले, फाटके, थरथरत्या पेन्सिलीचे;
आता बसले आहे स्वतःचाच पत्ता लिहायला.

सॉनाच्या बाहेरच्या खोलीत, बर्चच्या ओंडक्यांशेजारी
माझा सर्व्हर. जुना डबा. पंखा खोकतो.
तावेत तालिनहून फोनवर म्हणतो,
"विर्वे मावशी, हल्ली कुणी घरी करत नाही हे."
मी म्हटलं, पावही हल्ली कुणी घरी करत नाही.

पहिली नोंद सोपी : या नावाचं घर या आकड्यावर.
मग एमएक्स : टपाल कुठल्या दारात टाकायचं.
त्याच्या आधी दहा लिहायचं.
दहा का?
दुसरं दार केलंस तर त्याला वीस देता येतील, तावेत म्हणाला.
दुसरं दार नाही. तरी दहाच लिहिलं.
एकटी माणसंही फडताळात दोन कप ठेवतात.

रात्रभर काही आलं नाही.
सकाळी कळलं, नावाच्या शेवटी टिंब द्यायचं राहिलं होतं.
टिंब नसलं की यंत्राला वाटतं, हिचं बोलणं संपलेलं नाही,
आणि ते तेच गाव पुन्हा जोडतं,
गावापुढे तेच गाव,
जुना लेम्बित पेन्शन घ्यायला यायचा तेव्हा
स्वतःचं नाव दोनदा सांगायचा, तसं.
एवढंसं टिंब. मी चष्मा पुसून दिलं.

एसपीएफ : माझ्या नावाने पत्र टाकायची मुभा कुणाला.
या एका आकड्याला.
बाकीच्यांसाठी शेवटी उणे,
किंवा लाटेची खूण, म्हणजे संशय घ्या पण हाकलू नका.
मी आधी लाट काढली.
तासाभराने खोडून उणे केलं.

डीकेआयएमची किल्ली दोन तुकड्यांत येते.
एक डब्यात, कुणाला दाखवायची नाही.
दुसरी चव्हाट्यावर टांगायची, येणाऱ्याजाणाऱ्याने
लाखेवरचा ठसा ताडून पाहावा म्हणून.
ती इतकी लांब की मधे तोडून दोन अवतरणांत बसवली.
आणि तोतया आला तर?
तेही लिहून ठेवलं : नाकारा.

मग आर्नेला पत्र धाडलं.
हेल्तरमाकडून टपालाची गाडी आणायचा तो,
कडक हिवाळ्यात थेट गोठलेल्या समुद्रावरून,
पट्टा न बांधता,
बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून.
माझं पत्र त्याच्या रद्दीच्या खणात पडलं.

नाव विचारलं तर आकडा कळत होता,
आकडा विचारला तर माझं नाव कुणी सांगत नव्हतं.
उलट नोंद आपल्या हातात नसते.
ज्याची तार, त्याची ती.
कंपनीला फोन लावला, चाळीस मिनिटं बासरी ऐकली.
एगले नावाची मुलगी म्हणाली,
"घरगुती कनेक्शन आहे ना, मग कशाला हवी?"
मी म्हटलं, बाई, पाकिटाच्या मागे
पाठवणाऱ्याचं नाव नसलं
तर आम्ही ते दिव्यासमोर धरायचो.
ती थोडा वेळ गप्प.
"अक्षरं सांगा."
तारेत सांगायचे तशी एकेक सुटी करून सांगितली.
"आणि शेवटी टिंब," मी म्हटलं.
"ते आमच्याकडे आपोआप पडतं," ती म्हणाली.

जुनं विसरायला जगाला एक तास लागतो, असं लिहिलेलं होतं.
चार लागले.
तेवढ्यात मी लाकडं आत आणली.

आर्नेचं उत्तर आलं, उलट टपाली :
"मिळालं. शिक्का कुठाय?"

वहीत पेन्सिलीने उतरवलेल्या त्या पाच-सहा ओळी,
त्यांच्याखाली कोटाच्या खिशातला शिक्का मारला.
चाकं गंजलीत.
तारीख पोस्टाच्या शेवटच्या दिवसाची उठली.
असू दे.