सांधा

उभादांड्याच्या चर्चमध्ये
घंटेआधी पोचायचा इनास मेस्त्री.
पेन्सिल कानामागे तशीच.
मिस्सेला ती काढून यायचं
हे तो दर रविवारी विसरायचा.

बाक शेवटचा, दाराजवळचा.
फादर पापाविषयी बोलत असताना
त्याचा अंगठा फिरायचा कडेवरून,
कुठे कुसळ राहिलंय का बघत.

एकदा उंडीची फळी होडीला बसवताना
मला म्हणाला,
"सांधो दिसाक नको रे कोणाक.
पाण्याक तरीय तो गावता."
वर बोटबीट काही केलं नाही.
वाकसावरचा भुसा झटकला फक्त.

मी गाबिताचं पोर.
त्याच्या दफनाला मागेच उभा राहिलो.
सगळे क्रूस करत होते,
माझे हात कुठे ठेवावेत कळेना,
बाकावर ठेवले.
गुळगुळीत.
खाली गुडघे टेकायच्या फळीवर मात्र
दोन खळगे, जवळजवळ.
सगळं चर्च रंधून काढलेल्या माणसाने
तेवढी जागा सोडली होती.

परवा फादरांनी बोलावलं,
ती फळी बदल म्हणाले.
मी वाकून माप घेतलं,
पेन्सिल कानामागे खोचली
आणि तसाच घरी आलो.