नऊ पानं

पारोळ्याच्या वाचनालयात दंडाचा डबा आहे,
बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकण न बसणारा.
उशीर झाला की लोक आधी डब्याकडे बघत,
मग माझ्याकडे.
कौतिक बापू वर्तमानपत्रात गुंडाळून पुस्तक आणत,
आजारी कोंबडी आणावी तसं, छातीशी.
"पाव्हना येल व्हतात," म्हणत.
दर वेळी पाहुणेच.

परत आलेली पुस्तकं मी झटकून घ्यायची.
एसटीचं तिकीट, धुळे ते पारोळा, अर्धं.
सरकीची एक बी, चपटी झालेली.
एकदा एका मुलीचा पासपोर्ट फोटो,
जो मागायला कुणी आलं नाही.
सगळं मी एका वहीत चिकटवलं.
तपासणीच्या साहेबांनी विचारलं, हे कोणत्या सदरात?
मी म्हटलं, किरकोळ.

मग टॅब आले. दहा.
त्यातले दोन चार्ज होत नाहीत.
पडद्यावरचं पुस्तक चौदा दिवसांनी, रात्री बाराला
आपलं आपण परत येतं.
ना डाग, ना तिकीट, ना पाहुणे.
बुधवारी दुपारी, भांडी उरकून, घरकुलातल्या बाया येतात.
बोट ओलं करून पान उलटायला जातात,
पडदा ओला होतो, पान उलटत नाही,
आणि ते हसू अभ्यासिकेतल्या
पोलीस भरतीच्या पोरांपर्यंत जातं,
जिथं बोलायला मनाई आहे.

हिलाल महाजन, सभासद आठशे बारा,
कापसाच्या गाठी कोइमतूरला नेतो.
टोलच्या रांगेत, ढाब्याच्या बाजेवर,
गाठी उतरेपर्यंत वाचतो.
एका रात्री सव्वाबाराला त्याचा फोन:
"ताई, पुस्तक चालनं गयं.
नऊ पानं बाकी व्हतात."
त्याच्या मागं ट्रक जात होते,
प्रत्येक ट्रकला तो थांबून बोलत होता.

मी घरचा संगणक लावला. मुदत वाढेना.
रांगेत पुढचा वाचक होता,
बाराच्या ठोक्याला पुस्तक तिकडं गेलं होतं.
कपाटात कागदी प्रत आहे, पण तिची मागची पानं
कसरीनं खाल्लेली.
आमच्याकडं शेवट नाही, म्हटलं,
आणि मीठ संपलं म्हणताना वाण्याला वाटावं
तसं वाटलं.

पुढचा वाचक: आठशे तेरा.
रत्नाबाई हिलाल महाजन.
बुधवारची. खिडकीकडच्या खुर्चीतली.
सगळ्यांत जास्त बोट ओलं करणारी.
दोन आठवडे तिनं रांग धरली होती,
घरी सांगितलं नव्हतं.
आणि कोण काय वाचतं ते दुसऱ्याला सांगायचं नाही,
हा नियम फलकावर माझ्याच अक्षरात आहे.

"दादा, घरी फोन करा."
"इतली रातले?"
"करा."

पुढचं मला माहीत नाही.
कुठलं पान किती वाजता उघडलं
ते यंत्र सांगतं, विचारलं तर.
मी विचारलं नाही.

बुधवारी रत्नाबाई जरा फणकाऱ्यातच आल्या.
"मनं पुस्तक उलटंच सुरू व्हयनं, ताई.
मरनार कोन, ते माले पैलेच कळी गयं."
मग टॅब मांडीवर घेतला,
लुगड्याच्या पदरानं पुसला,
आणि पहिल्या पानापासून वाचायला बसल्या,
ओठ हलवत, सावकाश,
त्या माणसाला अजून जिवंत बघत.

अकरा दिवसांनी हिलाल आला.
अंगाला डिझेलचा वास, शर्टावर कापूस.
खिशातून पाचाचं नाणं काढलं.
मी म्हटलं, याला दंड नसतो हो.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "येक रात उशीर व्हयना."

नाणं डब्यात पडलं.
पावती फाडायची, तर सदर लिहावं लागतं.
मी बराच वेळ
पेन झटकत बसले.