नमुना उपलब्ध नाही

किनवटच्याही वर, नकाशातला हिरवा रंग
पैनगंगेत पाय सोडून बसतो,
तिथला उत्तरेचा तुकडा. गट नंबर दोनशे अकरा.
एसटी चिंचपहाडापर्यंत. पुढं बैलवाट.
त्याच्याही पुढं यल्लय्याचा ट्रक
अन् ट्रकवर आडवं निजवलेलं यंत्र.

माझं काम पेट्यांचं.
जमिनीतून दगडाची कांडी निघाली की धुवायची, पुसायची,
पेटीत ठेवायची डावीकडून उजवीकडं,
पांढऱ्या रंगानं मीटर लिहायचे, वरच्या दिशेला बाण काढायचा.
कांडी उलटी ठेवील त्याचा रोज कापीन,
फरहाना काझी मॅडम पहिल्याच दिवशी बोलल्या,
मग डब्यातली अर्धी तहारी माझ्या ताटलीत ओतली.

एकोणीस मीटर काळाच कातळ,
आपल्याकडचा, ओळखीचा, मुका.
खाली एकाएकी गुलाबी.
"लाव्हा यायच्या आधीचं गाव," मॅडम म्हणाल्या.

शोध होता दुर्मिळ मृदेचा.
नावं मी वहीत उतरवली, पाढ्यासारखी घोकली:
लँथॅनम, सिरिअम, डिस्प्रोसिअम.
एकाचा अर्थ लपून राहिलेला.
एकाचा, सहजी हाती न लागणारा.
"माझ्या मेव्हण्याची कुंडली वाचता काय?"
यल्लय्या रॉड आवळता आवळता.

लेतूबाई आत्राम बांधावर उभी. शेत तिचं.
भाडं तिच्या खात्यात जमा होणार होतं,
खातं आधारला जोडलं की.
"काय हुडकता?"
"दुर्मिळ माती."
तिनं अंगठ्यानं वावर उकरलं.
चार बोटं माती, खाली मुरूम.
"मंग ही काय रोजची हाय?"
मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

एक्केचाळिसाव्या मीटरला
कांडीत मधाच्या रंगाचे दाणे आले.
मोजणीयंत्र जवळ नेलं तर
तापल्या खापरात ज्वारी फुटावी तसं तडतडलं.
त्या रात्री तंबूत झोप नाही.
यल्लय्या रेंज शोधत टेकडी चढला,
वरून तेलुगूत कुणाला तरी ओरडून सांगत राहिला.
मी मनातल्या मनात मोटारसायकल घेतली,
हप्ते फेडले,
विकलीसुद्धा.

सकाळी सतरा नंबरच्या पेटीत एक खाच रिकामी.
एक्केचाळीस दशांश वीस ते एक्केचाळीस दशांश बेचाळीस.
बावीस सेंटीमीटर.
नेमकी तीच कांडी.
गवत उपसलं, ट्रक झाडला,
एकमेकांच्या पिशव्यांकडं बघणं टाळलं.
शेवटी मी रकान्यात लिहिलं: नमुना उपलब्ध नाही.
मॅडमनी शेरा मारला: खडक ठिसूळ.
खडक ठिसूळ नव्हता.

बाकी पेट्या नागपूरला गेल्या.
सात महिन्यांनी एका ओळीचा कागद आला.
सातत्य आढळत नाही, काम थांबवावे.
भोकावर सिमेंटची टोपी बसवली.
तिचा फोटो काढायला मला एकट्याला पाठवलं.
मोजणीयंत्र किनवटला जमा करायचं होतं,
ते गळ्यातच.

लेतूबाईनं बसवून घेतलं, भाकर टाकली.
चुलीमागं पाटा,
पाट्यावर लाल मिरची, लसूण,
अन् त्यावर मागं-पुढं होणारा वरवंटा
गोल, गुळगुळीत, गुलाबी.
एका टोकाला झिजत आलेला पांढरा बाण.
माझ्याच हातचा.

"तुमच्या यंत्रानं काय गोल केलाय," ती म्हणाली,
"टाकाऱ्याला असा जमला नसता."
माझ्या गळ्यात तडतड सुरू झाली.
"हे काहून वरडतंय?"

मी बटण दाबून यंत्र बंद केलं.
सांगायचंच होतं, अगदी जिभेवर होतं.
जेवण झाल्यावर सांगू म्हणून
भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला.
झणझणीत होती.
दाताखाली काहीतरी बारीक
कचकन वाजलं.