सतरा आटे

वॉर्ड नंबर अकरा, खिडकीपासून दुसरी खाट.
डॉक्टरीणबाई माझ्या थोरलीच्या वयाची.
म्हणते, काका, तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा:
कंदील, पेरू, रुपया.
मग विचारते साल कोणतं, वार कोणता,
महापालिकेत कुठल्या खात्यात होतात.
पाणी खातं, बाबा ताठ होऊन सांगतात. चावीवाला.
आणि ते तीन शब्द?
बाबा माझ्याकडे बघतात,
मीच ते पिशवीत लपवलेत तसे.

काल कुठे होतात, काका?
"काल ना, पहाटे साडेतीनला शिवडीला पाणी सोडलं,
येताना भायखळ्याहून वाटाभर करंदी घेतली.
ही होती बरोबर, विचारा."
काल ते इथेच होते. परवाही.
डावा हात खाटेच्या दांडीला बांधलेला,
सलाईनमधून पिवळं जीवनसत्त्व, थेंब थेंब.

खोटं नाही बोलत ते, बाहेर आल्यावर ती सांगते.
दारूने जिथे भोक पाडलंय
तिथे मेंदू हाताला लागेल ते कोंबतो.
जुनं बरंचसं राहील. नवं टिकणार नाही.
मी मान हलवते.
भोकं बुजवणं मला नवीन नाही.
शेजारी विचारायचे, काल रात्री आवाज कसला गं?
मी सांगायचे, उंदीर होता. फळीवरचे डबे पडले.

तीस वर्षं या माणसाला जमिनीखालची मुंबई तोंडपाठ.
कुठल्या फुटपाथवरच्या कुठल्या झाकणाखाली कुठली झडप,
किती आटे उघडली की तिसऱ्या मजल्यावर धार पोचते,
कुठली उलटी फिरते,
कुठली गोऱ्या साहेबाच्या वेळची,
तिला आधी जरा गोंजारावं लागतं.
नकाशे ऑफिसात होते,
पण इंजिनियर बाबांना विचारायचे.
पाळी संपली की गुत्त्यावर एक नवटाक,
मग दोन,
मग मोजणार कोण.
चावी मात्र कधी हरवली नाही,
छातीएवढी लोखंडी चावी
खांद्यावर टाकून झिंगत घरी.

त्यातल्या एका रात्रीबद्दल मला विचारायचं होतं.
चावी कुठे लागली,
आई त्यानंतर उजव्याच कानाने का ऐकायची.
सकाळी उठून त्यांनी चहा मागितला होता
आणि विचारलं होतं, कानाला काय झालं गं?
काळजीने.
मी तेव्हा दाराआड दात खात उभी,
काय नाटक करतो हा माणूस.
आता ही पोरगी म्हणते, नाटक नसेलही.
इतकी चढलेली असली की
मेंदू काही लिहूनच घेत नाही.
पुसलं म्हणायलाही आधी पाटीवर काही लागतं.

म्हणजे ती रात्र त्यांच्याकडे कधी नव्हतीच.
आईकडे होती, आई गेली.
आता एकटीच्या नावावर माझ्या.

"वैजू," बाबा म्हणतात,
"दहावीचा बक्षीस समारंभ आठवतो?
मी पहिल्या रांगेत.
तुला निळी रिबीन होती, स्टीलचा डबा मिळाला,
झाकणावर नाव कोरलेला."
रिबीन निळी, खरं. डबा, तेही खरं.
बाबा तेव्हा लालबागला गटाराच्या कडेला,
गणवेशातच त्यांना उठवायला गेले होते मी,
डबा काखेत.
म्हणजे पाहिला होता तर.
तेवढ्यातही नाव वाचलं होतं.

हो बाबा, मी म्हणते. पहिल्या रांगेत.
उंदीर होता. डबे पडले.

आपल्या गल्लीची झडप, बाबा?
डोळेही न मिटता:
"सतरा आटे. अठरावा दिलास
तर टोकाच्या घरांचं पाणी जातं."
उजवा हात चादरीवर फिरू लागतो,
डावाही ओढ घेतो, पट्टी करकचते.
ओठ मोजतायत. सतराला थांबतात.
मान कलती करून ऐकतात.
"आलं?"
आलं, बाबा.

नर्स येते, बाटली बदलते.
"वैजू, अगं, गल्लीचं पाणी सोडायचं राहिलं,"
आणि हात पुन्हा एकपासून.